ब्लीच केलेले केस पुन्हा पुन्हा नारिंगी पडतात? परत ब्लीच करण्याआधी हे तपासा

लग्नसराई तोंडावर आली की अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर-अंजनगावकडच्या पोरी माझ्या पार्लरमध्ये एकच तक्रार घेऊन येतात. हायलाइट केले त्या दिवशी रंग छान मधाळ होता, दोन-तीन आठवडे टिकला आणि आता सगळे केस नारिंगी दिसतात. उपायही त्यांनी घरूनच ठरवून आणलेला असतो. "काकू, अजून एकडाव ब्लीच मारून द्या न, निघून जाईन थो." दुसऱ्यांदा ब्लीच केलं की थोडे दिवस बरे जातात. तिसऱ्यांदा केलं की ओले केस विंचरताना फणीत तुकडे येऊ लागतात, आणि नारिंगी काही गेलेला नसतो.

उजळलेले केस नारिंगी पडायची कारणं चार-पाच आहेत. त्यातल्या एकाच कारणाला पुन्हा ब्लीच हे उत्तर आहे. बाकीच्या ठिकाणी ब्लीचने केस जातात आणि कारण तिथंच राहतं. आपल्या भागात ते कारण फार वेळा मोरीतल्या बादलीत सापडतं, म्हणून पाण्याबद्दल मी खाली जरा जास्तच लिहिलं आहे.

नारिंगी येतो कुठून

केसाच्या आत दोन रंगद्रव्यं असतात, काळं-तपकिरी युमेलॅनिन आणि लालसर-पिवळं फिओमेलॅनिन. ब्लीच काळ्या-तपकिरीला लवकर तोडतं. लालसर-पिवळं चिवट असतं, ते मागे उरतं. त्यामुळे काळे केस उजळताना ठरलेल्या वाटेनेच जातात. आधी गडद लाल, मग लालसर नारिंगी, मग नारिंगी, त्यानंतर पिवळसर नारिंगी, पिवळा आणि अगदी शेवटी केळाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका पिवळा. पार्लरमध्ये याला लेव्हल म्हणतात. १ म्हणजे काळा, १० म्हणजे सगळ्यात फिका. आपले केस बहुधा १ ते ३ मध्ये असतात आणि एका बैठकीत ६-७ पर्यंत येतात. म्हणजे थेट नारिंगीच्या टप्प्यावर येऊन थांबतात.

तो नारिंगी टोनरने, म्हणजे उजळलेल्या केसांवर वरून द्यायच्या हलक्या रंगाने, झाकला जातो. टोनर धुऊन गेला की खालचा रंग उघडा पडतो. इतकं लक्षात घेतलं तरी घाबरून पुन्हा ब्लीच लावायची घाई होत नाही.

आधी निदान

केस उजेडात, शक्यतो सकाळच्या उजेडात बघा. पार्लरच्या पिवळ्या दिव्याखाली सगळेच केस नारिंगी दिसतात.

टोनर लावून धुतला त्याच दिवशी नारिंगी होता का? असेल तर केस पुरेसे उजळलेच नव्हते, किंवा टोनर चुकीचा लागला.

पहिले दोन-तीन आठवडे चांगले जाऊन मग सगळीकडे सारखा नारिंगी आला? टोनर उतरला आहे. हे व्हायचंच. टोनर महिना-दीड महिना चालतो, उन्हात आणि गरम पाण्यात त्याहून कमी.

नारिंगी मळकट, गंजल्यासारखा आहे, केस हाताला खरखरीत लागतात, शॅम्पूला फेस येत नाही? पाणी तपासा.

पट्टे पडलेत, मुळाशी उजळ आणि मध्ये लाल, किंवा ठिपक्याठिपक्यांनी कमी-जास्त? ही ब्लीच लावतानाची गडबड आहे, नाहीतर केसांत जुनी मेंदी किंवा डाय आहे.

जांभळा शॅम्पू का लागू पडत नाही

मोबाइलवर बघून पोरी जांभळा शॅम्पू मागवतात, महिनाभर लावतात आणि फरक पडत नाही म्हणून रडकुंडीला येतात. शॅम्पू खोटा नसतो. जांभळा रंग पिवळ्याला मारतो, नारिंगीला मारायला निळा लागतो. जांभळा शॅम्पू ८-९ लेव्हलच्या फिक्या पिवळ्या केसांसाठी बनवलेला आहे. ६-७ लेव्हलच्या केसांना निळा शॅम्पू किंवा निळ्या छटेचा टोनर हवा. लालसर नारिंगी असेल तर टोनरमध्ये हिरव्याचा थोडा अंश लागतो. त्याच्या मात्रेचा अंदाज हवा, म्हणून ते काम पार्लरमध्येच करून घ्या.

निळा शॅम्पू आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवायचा. रोज लावला तर केस कोरडे होतात आणि रंगावर मळकी झाक येते. बाकी दिवशी सल्फेट नसलेला साधा शॅम्पू पुरतो.

कपड्यांची नीळ पाण्यात घालून केस धुवायची युक्ती गावोगावी फिरते आहे. करू नका. नीळ कापडासाठी आहे. ब्लीच केलेल्या केसात ती कुठे जास्त, कुठे कमी शोषली जाते आणि निळे डाग पडतात. मेडिकलमधून जेन्शन व्हायोलेट आणून कंडिशनरमध्ये टाकणाऱ्याही आहेत. एक तर ते जांभळं, म्हणजे नारिंगीवर कामाचं नाही, आणि डोक्याच्या कातडीवर वारंवार लावायची ती वस्तूही नाही.

पाणी

पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आपला खारपाणपट्टा पाण्यामुळेच ओळखला जातो. इथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारं, आणि बऱ्याच ठिकाणी जडही. पट्ट्याबाहेरच्या गावांतही बोअर खोल गेली की पाणी जड लागतं. घरात ओळखणं सोपं आहे. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो.

या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसतं. काळ्या, न उजळलेल्या केसांवर ते पटकन दिसत नाही. ब्लीच केलेल्या केसाचे खवले उघडे असतात, तो पाण्यातलं सगळं धरून ठेवतो. केस निस्तेज होतात, पिवळट दिसतात, आणि टोनर लावला तरी नीट बसत नाही. पाण्यात लोह असेल तर मात्र खरा नारिंगी चढतो, आणि तो बाहेरचा असतो. लोहाची परीक्षा अशी: हातपंपाचं किंवा बोअरचं पाणी पांढऱ्या बादलीत रात्रभर राहू द्या. भरताना स्वच्छ असलेलं पाणी सकाळी लालसर झालं, तळाशी तांबडा गाळ बसला, तर त्यात लोह आहे. असं पाणी वापरणारीने कितीही टोनर लावला तरी महिन्याभरात ती पुन्हा नारिंगीवर येते.

आणखी एक धातू म्हणजे तांबं. टाक्यात किंवा विहिरीत शेवाळ होऊ नये म्हणून मोरचूद टाकतात. त्या पाण्याने फार उजळलेल्या केसांवर हिरवट झाक येते. फवारणीच्या टाकीजवळ, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण कालवताना केस उघडे ठेवू नका, हे संत्र्याच्या पट्ट्यातल्या, वरुड-मोर्शीकडच्या मैत्रिणींसाठी.

यावर करायचं काय? सगळी आंघोळ आरओच्या पाण्याने करा असं मी सांगणार नाही, ते कोणाला परवडतं! शेवटचं खळबळणं तेवढं चांगल्या पाण्याने करा. वीस लिटरच्या कॅनमधलं दोन-तीन तांबे पाणी पुरतं. धरणाच्या योजनेचं पाणी नळाला ज्या दिवशी येतं, तो केस धुवायचा दिवस ठरवा. पावसाळ्यात पहिल्या दोन-चार सरींनी छत धुऊन निघालं की पन्हाळीखाली धरलेलं पाणी सगळ्यात मऊ, त्याने खुशाल पूर्ण केस धुवा. पाणी उकळून गार केलं तर जडपणाचा एक भाग खाली बसतो, सगळा जात नाही, आणि खारटपणा तर मुळीच जात नाही. तुरटी फिरवली की गढूळ पाणी निवळतं, जडपणा तसाच राहतो.

आधीच बसलेला थर काढायला चिलेटिंग शॅम्पू मिळतो, त्यावर 'हार्ड वॉटर'साठी असं लिहिलेलं असतं. त्यात ईडीटीएसारखं द्रव्य जास्त असतं, जे धातू पकडून पाण्याबरोबर बाहेर नेतं. साध्या शॅम्पूतही ईडीटीए थोडं असतंच, पण ते या कामाला पुरत नाही. चिलेटिंग शॅम्पू महिन्यातून एकदा, दोनदा बस. तो रंगही थोडा नेतो, म्हणून टोनरच्या आधी वापरायचा, टोनर लावल्याबरोबर नाही. ब्लीचच्या आधी तर तो हवाच. केसांत लोह-तांबं असताना त्यावर ब्लीचमधलं पेरॉक्साइड गेलं तर केस गरम होऊ शकतात आणि रंग एकसारखा येत नाही.

घरगुती म्हणाल तर एक लिटर पाण्यात दोन चमचे पांढरा व्हिनेगर घालून शेवटी केसांवर ओतायचा, मिनिटभराने साध्या पाण्याने धुवायचा. कॅल्शियमचा थर थोडा सुटतो, खवले बसतात, चमक येते. लोह मात्र त्याने विशेष निघत नाही. आणि खायच्या सोड्याने केस धुऊ नका. सोडा अल्कधर्मी आहे, मिटलेले खवले पुन्हा उघडतो आणि उरलासुरला टोनर घेऊन जातो.

पाणी किती गरम, हेही बघा. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. त्या पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली की रंग मोरीत वाहून जाताना डोळ्यांनी दिसतो. केस पहाटे धुवा, किंवा पाणी आदल्या रात्री बादलीत भरून ठेवा.

पट्टे पडत असतील तर

हे पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींसाठी आणि गावातल्या सलूनवाल्या दादांसाठी. आपल्याकडची दुकानं टिनाची, उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर, आणि हवा इतकी कोरडी की धुतलेली साडी बघता बघता वाळते. ब्लीचचं तेच होतं. ब्लीच ओलं असेपर्यंतच काम करतं, वाळलं की थांबतं. पंख्याखाली किंवा कूलरच्या झोतात बसवून ब्लीच लावलं तर वाऱ्याच्या बाजूचे केस नारिंगीवर अडकतात आणि मागचे पिवळ्यापर्यंत जातात. झोत दुसरीकडे वळवा, बटा फॉइलमध्ये किंवा पातळ प्लास्टिकने झाका, मिश्रण घट्ट दह्याइतकं ठेवा आणि कंजुषी न करता भरपूर लावा. दर पाच-सात मिनिटांनी एक बट पुसून बघा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुढे जायचं नाही. त्या वेळेत रंग आला नाही तर धुऊन टाका, बाकीचं पुढच्या वेळी.

उष्णतेने ब्लीचचा वेग वाढतो. म्हणून उन्हाळ्यात डेव्हलपर, म्हणजे ब्लीच पावडर ज्यात कालवतात ते पेरॉक्साइडचं द्रावण, २० व्हॉल्यूमचं, म्हणजे ६ टक्क्यांचं पुरे. ३० म्हणजे ९ टक्के आणि ४० म्हणजे १२. डोक्याच्या कातडीजवळ ४० कधीच नाही. मुळांना शरीराची ऊब असते, तिथे ब्लीच लवकर चढतं, म्हणून आधी मधला भाग आणि टोकं, मुळाजवळचा इंचभर भाग सगळ्यात शेवटी. मुळं उजळ आणि लांबी नारिंगी, ही तक्रार बहुतेक वेळा उलट्या क्रमाने लावल्यामुळे येते.

डेव्हलपरची बाटली टिनाखालच्या फळीवर ठेवली तर पेरॉक्साइड हळूहळू मरतं. मग २० म्हणून घेतलेलं १० सारखं चालतं आणि रंग अर्ध्यात अडकतो. बाटली माठाजवळच्या गार कोपऱ्यात, उन्हाआड, झाकण लावून ठेवा. कालवलेलं मिश्रण मात्र उरलं तर टाकून द्या. बंद डब्यात ठेवलं की त्यातून वायू सुटतो आणि डबा फुटू शकतो.

आणि तुमच्यासाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. ब्लीच पावडरमध्ये पर्सल्फेट असतात. वर्षानुवर्षं ती धूळ नाकात गेली की काही जणींना दमा जडतो, हा पार्लरच्या धंद्यातला ओळखीचा आजार आहे. पावडर कालवताना खिडकी उघडा, तोंडाला मास्क लावा, हातमोजे घाला. सर्दी हटत नाही, छाती भरल्यासारखी होते, असं कामाच्या दिवशीच होत असेल तर डॉक्टरांना तुमचं काम काय आहे ते आवर्जून सांगा.

जुनी मेंदी आणि काळी मेंदी

मेंदीतलं लॉसोन केसाच्या प्रथिनाला घट्ट चिकटतं. शुद्ध मेंदीवर ब्लीच केलं तर केस उजळतात, पण तांबूस-नारिंगी हट्टाने राहतो आणि दोन-तीन बैठकांतही पूर्ण निघत नाही. जिने वर्षभर मेंदी लावली आहे तिने राखाडी छटेचा हट्ट सोडलेला बरा.

बाजारात काळी मेंदी म्हणून सुटी मिळणारी पावडर ही वेगळीच गोष्ट. त्यात बरेचदा पीपीडी नावाचा रासायनिक डाय असतो, काहींत धातूंचे क्षारही असतात. धातूच्या क्षारांवर पेरॉक्साइड गेलं तर केस तापतात, वास सुटतो, हिरवट होतात, जागीच तुटतात. म्हणून आधी परीक्षा करा. भांडीवालीला द्यायला जमवलेलं गुंतवळ घरात असतंच. त्यातला तुमच्या स्वतःच्या केसांचा झुपका काचेच्या वाटीत घ्या, लावायचं तेच ब्लीचचं मिश्रण त्यावर घाला आणि अर्धा तास लांबून लक्ष ठेवा. वाटी गरम झाली, बुडबुडे-वाफ आली किंवा विचित्र रंग निघाला तर त्या केसांना ब्लीच नाही. ते केस वाढून कापले जाईपर्यंत थांबायचं.

काळा डाय लावलेल्या केसांवर उजळ शेडचा डाय लावून बघणाऱ्याही पुष्कळ आहेत. डाय डायला उजळवत नाही. फक्त नवीन वाढलेली मुळं नारिंगी होतात आणि खाली काळं राहतं.

कुठलाही डाय किंवा टोनर लावण्याआधी कानामागे थोडासा लावून ४८ तास बघा. खाज, पुरळ, सूज आली तर ती वस्तू तुमच्यासाठी नाही. चेहरा सुजला, श्वास अडला तर वाट न बघता ग्रामीण रुग्णालय गाठा.

पुन्हा ब्लीच कधी करायचं

टोनर धुतल्या दिवशीच केस लालसर नारिंगी होते, तुम्हाला त्याहून उजळ शेड हवी आहे, केसांत मेंदी-डाय नाही, आणि केस मजबूत आहेत. या चारही गोष्टी जुळल्या तरच. मजबुती तपासायला एक ओला केस दोन्ही हातांनी हलकेच ताणा. थोडा ताणून परत आला तर ठीक. रबरासारखा ताणतच गेला आणि तुटला तर त्या डोक्याला आता कात्री आणि कंडिशनरच लावायचं, ब्लीचचा विषय बंद. दोन ब्लीचमध्ये निदान सहा आठवडे जाऊ द्या, आणि दुसऱ्यांदा फक्त नारिंगी भागावर लावा, आधीच पिवळ्या झालेल्या केसांवर चढवू नका.

चेहऱ्याच्या लवेचं क्रीम ब्लीच डोक्याच्या केसांना लावू नका. लिंबाचा रस लावून उन्हात बसायचाही प्रकार आहे. केस थोडे तांबूस होतात, पण रस मानेवर-कपाळावर ओघळला आणि त्यावर ऊन पडलं तर कातडी भाजून काळे डाग पडतात, ते महिनोन्‌महिने राहतात.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्या उन्हात आणि पाण्यात राखाडी, चंदेरी शेड घेऊ नये. ती मिळवायला केस ९-१० पर्यंत न्यावे लागतात आणि टिकवायला दर तीन-चार आठवड्यांनी टोनर. त्यापेक्षा कॅरॅमल, मधाळ तपकिरी, तांबूस चॉकलेटी घ्या. खालचा नारिंगी त्याच रंगात मिसळून जातो, उतरला तरी वाईट दिसत नाही, आणि सावळ्या, गव्हाळ रंगाला खुलून दिसतो. आधीच नारिंगीत अडकलेल्या मुलींनाही मी हेच करून देते, एक-दोन लेव्हल गडद करून. तक्रार तिथेच थांबते.

रोजचं

खोबरेल तेल लावा, धुवायच्या आधी तासभर तरी. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं वाहून जाणं कमी करतं. रंगीत, सुगंधी तेलं उजळलेल्या केसांवर नकोत. शॅम्पू आठवड्यातून दोनदा. मधल्या दिवशी सोयाबीनच्या कुटाराची धूळ असो की कापूस वेचतानाचा घाम, नुसत्या पाण्याने आणि कंडिशनरने निघतो. घाम केसांत वाळू देऊ नका. शेतात जाताना सुती दुपट्टा डोक्याला पूर्ण बांधा, टोकंही आत घ्या, कारण ऊन टोनर तर उडवतंच, केसातलं प्रथिनही तोडतं.

लग्नासाठी करायचं असेल तर उजळण्याचं काम महिनाभर आधी उरका आणि टोनर लग्नाच्या चार-पाच दिवस आधी लावा. हळदीच्या दिवशी केसांना भरपूर खोबरेल तेल लावून अंबाडा घाला आणि वरून रुमाल बांधा, कारण उजळलेले केस हळद झटकन पितात. करवल्यांनी पण, कारण हळद फक्त नवरीला लागते असं आपल्याकडे कधी होत नाही. तरीही पिवळा डाग राहिला तर साध्या शॅम्पूने दोनदा धुवा आणि सोडून द्या. हळदीतलं कर्क्युमिन उजेडात आपोआप फिकट होतं, त्यासाठी ब्लीचची वाटी काढू नका.